लिहून ठेवलेले अपयश : खुब्याच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेचा इतिहास

१/
म्हातारपणी माणूस अंथरुणाला खिळला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते : "पडल्याचं निमित्त झालं." न्हाणीतल्या ओल्या फरशीवर पाय घसरतो, उंबरठ्याला ठेच लागते आणि खुबा मोडतो. जळकोटसारख्या गावातही आता अशा आजीला दवाखान्यात नेतात, धातूचा गोळा बसवतात, आजी काठी टेकत अंगणात येते. गोष्ट इथे संपली असे सर्वांना वाटते. काही वर्षांनी मात्र मांडीतून पू येऊ लागतो, किंवा पुन्हा पडल्याचे निमित्त होते. मग डॉक्टर म्हणतात, "बसवलेले काढून पुन्हा बसवावे लागेल." हा थ्रेड त्या दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या इतिहासाचा आहे.

२/
जळकोट हा लातूर जिल्ह्यातला छोटा तालुका. १९९९ साली तो स्वतंत्र झाला. त्याआधी इथल्या माणसाचे कचेरीचे काम उदगीरला असे. पलीकडे नांदेड जिल्ह्याचे मुखेड आणि कंधार. पहिली शस्त्रक्रिया कुठे करायची, हा प्रश्न घरात तासाभरात सुटतो. दुसरीच्या वेळी मात्र लातूर, नांदेड, सोलापूर, हैदराबाद, पुणे अशी नावे निघतात आणि निर्णय लांबतो. पहिल्यापेक्षा दुसरी इतकी अवघड का, याचे उत्तर शरीरात जितके आहे तितकेच इतिहासात आहे.

३/
आधी थोडी रचना समजून घेऊ. कमरेच्या हाडात एक खोलगट वाटी असते आणि मांडीच्या हाडाच्या टोकाशी असलेला गोळा तिच्यात फिरतो. गोळा आणि मांडीचे हाड यांना जोडणारा निमुळता भाग म्हणजे खुब्याची मान. गोळ्याला मिळणारे बहुतेक रक्त या मानेच्या कडेने वर चढते. मान मोडून सरकली की रक्तवाहिन्या तुटतात आणि गोळा उपाशी राहतो. मानेच्या खाली मोडलेले हाड बहुधा जुळून येते, कारण तिथे रक्त भरपूर असते. म्हणून एकाच्या खुब्यात सळई घालतात, तर दुसऱ्याचा गोळाच बदलतात.

४/
सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांवर स्वतंत्र विवेचन आहे. मांडी मोडलेल्या रुग्णाला फळीवर निजवून, खुंट्या ठोकून पाय जागच्या जागी धरून ठेवण्याची रीत तिथे सांगितली आहे. तिला 'कपाटशयन' असे नाव आहे. त्याहून लक्षणीय आहे ती वयाची नोंद. कोवळ्या वयात सांधा एका महिन्यात स्थिर होतो, मध्यम वयात दुप्पट काळ लागतो, उतारवयात तिप्पट. म्हातारे हाड हा वेगळा प्रश्न आहे, ही जाण इतकी जुनी आहे. खेड्यापाड्यांतल्या हाडवैद्यांनी बांबूच्या कामट्या, लेप आणि पट्ट्या यांच्या आधारे हीच परंपरा पुढे चालवली.

५/
मात्र खुब्याच्या मानेपुढे कामट्या हतबल होत्या आणि युरोपातही स्थिती निराळी नव्हती. लंडनचे शल्यविशारद ॲस्टली कूपर यांनी १८२२ च्या आपल्या ग्रंथात स्पष्टच लिहिले की सांध्याच्या पिशवीच्या आत मोडलेली मान सहसा जुळत नाही. वृद्ध रुग्णाला महिनोन्‌महिने जखडून ठेवू नये, हाड जुळो न जुळो, काही आठवड्यांत त्याला कुबड्यांवर उठवावे, असा त्यांचा कल होता. कारण त्यांनी पाहिले होते की माणसाचा जीव मोडलेल्या हाडाने जात नाही. पाठीला पडलेल्या जखमा, छातीत साठलेला कफ आणि सुटलेले अन्नपाणी यांनी तो जातो.

६/
आपल्या भागाचा त्या काळचा नकाशाही डोळ्यांसमोर आणा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, म्हणून मोठा दवाखाना म्हणजे हैदराबादचा, मुसी नदीकाठचा उस्मानिया. दुसरी वाट पश्चिमेची. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी लातूरला पोहोचली आणि १९२७ मध्ये तीच वाट मिरजेला जोडली गेली. तिथे विल्यम वॉन्लेस यांचे १८९४ पासूनचे मिशन रुग्णालय होते. पण खुबा मोडलेल्या माणसाला बैलगाडीतून स्टेशनापर्यंत नेणे हीच एक यातना होती. बहुतेकांचा प्रवास घरातल्या बाजेवरच संपत असे.

७/
हाड जुळत नसेल, तर सांधाच नवा का बसवू नये? हा प्रश्न धिटाईने विचारणारा पहिला माणूस बर्लिनचा. थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी १८९० च्या सुमारास हस्तिदंताचे कृत्रिम सांधे घडवले. गुडघा, मनगट, खुबा अशा सांध्यांसाठी त्यांनी रचना केल्या. ते बसवण्यासाठी स्क्रू वापरले, राळ आणि प्लास्टर यांचे मिश्रण करून एक प्रकारचे सिमेंटही वापरून पाहिले. आज आपण जे 'सांधेरोपण' म्हणतो त्याची सारी कल्पना त्यांच्या टेबलावर तयार होती. फक्त एक गोष्ट त्यांच्या हाती नव्हती : जंतूंवरचे नियंत्रण.

८/
ग्लुक यांचे रुग्ण मुख्यतः क्षयाने सांधे पोखरलेले होते. नवा सांधा पहिले काही आठवडे उत्तम चाले, मग पू धरू लागे. त्यांचे वरिष्ठ फोन बेर्गमान यांनी बर्लिनच्या वैद्यक परिषदेत हे रुग्ण दाखवण्यास मनाई केली. ग्लुक यांनी मात्र स्वतःच बजावले की क्षयग्रस्त सांध्यात असे रोपण करू नये. थोडक्यात, कृत्रिम सांध्याच्या इतिहासाचे पहिलेच पान जंतुसंसर्गाचे आहे आणि त्याच पानावर एका शल्यविशारदाने आपले अपयश लिहून ठेवले आहे. पुढची सारी प्रगती अशाच नोंदींवर उभी राहिली.

९/
मधली चार दशके धातू शोधण्यात गेली. बॉस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी मोडलेली मान सांधण्यासाठी तीन पात्यांचा खिळा आणला. १९३१ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. १९४० मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन मूर यांनी हॅरॉल्ड बोलमन यांच्यासह एका रुग्णाच्या मांडीच्या हाडाचे वरचे टोकच धातूचे बसवले. पुढे १९५० च्या दशकात मूर आणि फ्रेड थॉम्प्सन यांचे गोळे जगभर पोहोचले. वाटी रुग्णाची, गोळा तेवढा धातूचा, असा हा अर्धा सांधा. आपल्याकडे कित्येक वृद्धांच्या केसपेपरवर 'ऑस्टिन मूर' हे नाव आजोबा-आजींच्या नावाखालीच लिहिलेले असते.

१०/
हस्तिदंताची कथाही बर्लिनमध्ये संपली नाही. मंडाले हे नाव मराठी माणसाला लोकमान्यांच्या कारावासामुळे माहीत आहे. त्याच मंडालेत १९६० पासून डॉ. सॅन बॉ यांनी मोडलेल्या खुब्यांसाठी हस्तिदंती गोळे बसवले. त्यांची पहिली रुग्ण ८३ वर्षांची एक बौद्ध भिक्षुणी होती. पुढील दोनएक दशकांत त्यांनी तीनशेहून अधिक अशा शस्त्रक्रिया केल्या आणि १९६९ मध्ये लंडनला जाऊन त्यांचे निष्कर्ष मांडले. परदेशी धातू परवडत नसताना स्थानिक कारागिरीवर उभे राहिलेले हे काम. त्यांचे रुग्ण उकिडवे बसू शकत, ही बाब आशियाई वाचकाच्या सहज लक्षात येईल.

११/
आता या इतिहासाच्या मध्यवर्ती व्यक्तीकडे येऊ. इंग्लंडमधील रायटिंग्टन येथे क्षयरुग्णांसाठी चालवलेले एक जुने रुग्णालय होते. क्षयावर औषधे आल्यावर तिथल्या खाटा रिकाम्या होऊ लागल्या आणि जॉन चार्नली यांनी तिथे खुब्याचे संशोधन सुरू केले. छोटा धातूचा गोळा, प्लॅस्टिकची वाटी आणि दोन्ही हाडात पक्के बसवणारे ॲक्रिलिक सिमेंट असे त्यांचे त्रिसूत्र होते. हे सिमेंट दंतवैद्यकातून आले होते. १९५८ पासून त्यांनी वाटीसाठी टेफ्लॉन वापरले. रुग्ण वेदनामुक्त होऊन चालत घरी गेले. चार्नली यांचे नाव झाले.

१२/
तीनएक वर्षांत ते टेफ्लॉन झिजले. झिजेचा चुरा आसपासच्या पेशींना सोसेना. सांध्याभोवती दाह आणि गाठी झाल्या, रोपण सैल पडले. सुमारे तीनशे रुग्ण या फेऱ्यात सापडले. चार्नली यांनी दोन गोष्टी केल्या. टेफ्लॉनचा चुरा स्वतःच्या मांडीत टोचून त्याचा परिणाम तपासला. आणि आपल्या रुग्णांवर एकेक करून पुन्हा शस्त्रक्रिया केली. आधुनिक अर्थाने खुब्याच्या 'दुसऱ्या शस्त्रक्रिये'ची पहिली मोठी रांग हीच. ती परक्याच्या चुकीसाठी लागलेली नव्हती. स्वतःच्या चुकीची जबाबदारी घेतलेल्या माणसाने ती लावली होती.

१३/
१९६२ मध्ये एक विक्रेता रायटिंग्टनला नव्या प्लॅस्टिकचा नमुना घेऊन आला. यंत्रमागांच्या दंतचक्रांसाठी ते वापरले जाई : उच्च घनतेचे पॉलिथिलीन. चार्नली यांना त्यात प्रथम काही विशेष वाटले नाही. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र ते झिजेच्या यंत्रावर लावून दिले आणि आठवडे उलटले तरी ते जेमतेमच झिजले. नोव्हेंबर १९६२ मध्ये नवी वाटी प्रथम माणसात बसली. मृत्यूनंतर सांधा अभ्यासासाठी परत द्यावा, अशी विनंतीही चार्नली आपल्या रुग्णांना करत. यश असो वा अपयश, त्याची नोंद झालीच पाहिजे, हा त्यांचा बाणा होता.

१४/
तरीही ग्लुक यांचा जुना शत्रू उभाच होता. चार्नली यांच्या सुरुवातीच्या काळात शंभरात सात ते नऊ सांध्यांत पू होत असे. त्यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवती काचेचे बंदिस्त दालनच उभारले, गाळलेली हवा आत सोडली, शल्यविशारदाचा उच्छ्वास बाहेर खेचणारे पोशाख वापरले. दहाएक वर्षांत हे प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आले. पुढे ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीने १९८२ मध्ये शुद्ध हवेचा लाभ दाखवून दिला आणि शस्त्रक्रियेपूर्वी दिलेल्या प्रतिजैविकाचे महत्त्वही त्याच आकड्यांत दिसले.

१५/
धातूच्या सांध्याला जंतूंचे इतके भय का? १९५७ मध्ये लंडनमध्ये एलेक आणि कोनेन यांनी स्वयंसेवकांच्या त्वचेवर एक प्रयोग केला. नुसत्या त्वचेत गळू होण्यासाठी लाखो जिवाणू लागत. तिथे रेशमी टाक्याचा धागा असेल तर काही शेकडा पुरत. निर्जीव वस्तूला रक्त पोहोचत नाही, म्हणून तिथे शरीराचे सैनिकही पोहोचत नाहीत. जिवाणू तिथे चिकट थर विणून बसतात. या थराखाली औषधाचा जोर चालत नाही. जखम वरून भरते, काही महिन्यांनी दुसरीकडून पाझरते. आयुर्वेदाने अशा वाहत्या छिद्राला 'नाडीव्रण' म्हटले आहे.

१६/
मग हा थर मोडायचा कसा? हॅम्बर्गचे हान्स बुखहोल्त्स यांनी १९६९ च्या सुमारास एक साधी भासणारी गोष्ट केली : हाडाच्या सिमेंटच्या भुकटीत जेंटामायसिन मिसळले. घट्ट झालेल्या सिमेंटमधून औषध हळूहळू झिरपत राहते आणि रक्त जिथे पोहोचत नाही तिथे पोहोचते. संसर्ग झालेला सांधा पूर्ण काढून, जागा खरवडून, त्याच वेळी औषधयुक्त सिमेंटवर नवा सांधा बसवण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. १९८१ मध्ये त्यांनी ५८३ रुग्णांचा हिशेब मांडला : पहिल्या प्रयत्नात सुमारे ७७ टक्के यशस्वी. उरलेले २३ टक्केही त्यांनी झाकले नाहीत.

१७/
दुसरी पद्धत दोन टप्प्यांची आहे. पहिल्या टप्प्यात धातू, प्लॅस्टिक, जुने सिमेंट, मृत हाड असे सारे काढतात. वेगवेगळ्या जागांचे अनेक नमुने तपासणीला पाठवतात. पोकळीत औषधी सिमेंटचा तात्पुरता सांधा ठेवतात. मग बहुधा सहा आठवड्यांचे प्रतिजैविक, रक्ततपासण्या आणि प्रतीक्षा. जंतू गेल्याची खात्री झाली की कायमचा सांधा बसतो. नातेवाइकांना हा काळ निष्काळजीपणासारखा वाटतो. खरे तर तो उपचारच असतो. दोन्ही पद्धतींची थेट तुलना करणारी एक ब्रिटिश चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. दीड वर्षानंतर वेदना आणि हालचाल यांत दोन्ही गटांत मोठा फरक दिसला नाही. त्यामुळे थकलेल्या वृद्धासाठी, जंतू ओळखीचा असेल तर, एकाच वेळी काम उरकण्याचा विचार आता अधिक मोकळेपणाने होतो.

१८/
संसर्ग अगदी ताजा असेल आणि सांधा घट्ट बसलेला असेल, तर सारे काढावे लागतेच असे नाही. जखम उघडून धुतात, सुटे भाग बदलतात आणि औषधे देतात. इथे एक ओळखीचे नाव भेटते : रिफॅम्पिसिन. आपल्याकडे क्षयाचा रुग्ण असलेल्या प्रत्येक घराला लघवी लाल करणारी ही गोळी ठाऊक आहे. १९९८ मध्ये एका स्विस गटाने ३३ रुग्णांच्या चाचणीत दाखवले की दुसऱ्या प्रतिजैविकाच्या जोडीला रिफॅम्पिसिन दिल्यास धातूवरच्या स्टॅफिलोकोकस जिवाणूंवर मात करता येते. ते एकटे मात्र देत नाहीत. जिवाणू लगेच त्याला सरावतात.

१९/
आणि जेव्हा नवा सांधा बसवणे शक्य नसते? तेव्हा एक जुना मार्ग उरतो. ऑक्सफर्डचे गॅथॉर्न गर्डलस्टोन यांनी क्षय आणि पू यांसाठी गोळा व मान काढून टाकण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. पाय आखूड होतो, काठी सुटत नाही. पण पू थांबतो आणि वेदना उतरतात. बनारसचे डॉ. एस. एम. तुली यांनी १९८१ मध्ये भारतीय रुग्णांचा अनुभव मांडला. मांडी घालून जेवणाऱ्या आणि उकिडवे बसणाऱ्या माणसाला अशा लवचीक खुब्याचा उपयोग होतो, हे त्यातून पुढे आले. म्हणून 'गर्डलस्टोन' सुचवला म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, असे समजू नये. ऐंशी ओलांडलेल्या, हृदय थकलेल्या रुग्णासाठी तो शहाणपणाचा निर्णय असू शकतो.

२०/
आता दुसरे कारण : बसवलेल्या सांध्याभोवती पुन्हा मोडलेले हाड. धातूचा दांडा ताठ, भोवतीचे म्हातारे हाड ठिसूळ. पडताना सारा ताण दांड्याच्या टोकाशी येतो. १९९५ मध्ये कॅनडातील डंकन आणि मस्री यांनी या मोडींची 'व्हँकुव्हर' वर्गवारी दिली. हाड कुठे मोडले, दांडा घट्ट आहे की सैल आणि उरलेले हाड कसे आहे, असे तीनच प्रश्न. दांडा घट्ट असेल तर पट्टी आणि तारा पुरतात. सैल असेल तर तो काढून, मोड ओलांडून खाली पोहोचणारा लांब दांडा घालावा लागतो. हाडच उरले नसेल तर काम सर्वांत कठीण.

२१/
या दोन कारणांची गाठ पडते तेव्हा खरी कसोटी लागते. संसर्गाने हाड आतून पोखरले जाते, दांडा सैल होतो, मग साध्या ठेचेने मांडी मोडते. बाहेरून दिसते ती केवळ मोड. म्हणून जाणते शल्यविशारद विचारतात : पडण्याआधी महिने-दोन महिने मांडी दुखत होती का? जखमेतून कधी काही आले होते का? 'पडल्याचं निमित्त' म्हणताना आपण नकळत बरोबरच बोलत असतो. पडणे हे निमित्त, कारण आधीपासून आत असते.

२२/
एक धडा शस्त्रापलीकडचा. इंग्लंडमधील हेस्टिंग्ज गावी मायकेल डेव्हस या अस्थिशल्यविशारदांनी वृद्धांच्या वैद्यांना सोबत घेऊन खुबा मोडलेल्या रुग्णांची एकत्र देखभाल सुरू केली. लवकर शस्त्रक्रिया आणि लगेच उभे करणे हे त्यांचे सूत्र होते. पुढे तीच रीत अनेक देशांत रुजली. कूपर यांनी १८२२ मध्ये जे ओळखले होते, त्याला आता भूल, रक्त आणि औषधांचे बळ मिळाले. "जरा ताकद येऊ द्या, मग ऑपरेशन करू" म्हणून आठवडाभर थांबणारे घर ताकद कमावत नसते, गमावत असते.

२३/
महाराष्ट्रात ही विद्या मुंबई-पुण्याच्या वाटेने आली. भारतातील सांधेरोपणाच्या आद्य प्रवर्तकांत मुंबईचे डॉ. के. टी. ढोलकिया यांचे नाव घेतले जाते. पुण्यात डॉ. के. एच. संचेती यांनी अस्थिरोगाचे मोठे रुग्णालय उभारले आणि भारतीय बैठकीचा विचार करून गुडघ्याचा देशी सांधा घडवला. ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी पंतप्रधान वाजपेयींचा गुडघा बदलला. ती बातमी गावोगावच्या पारावर चर्चिली गेली. सांधा बदलता येतो, हे त्या दिवसांत घराघरांत पोहोचले.

२४/
मराठवाड्याची साखळी यापेक्षा धीमी. औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये आले, अंबाजोगाईला ग्रामीण महाविद्यालय सत्तरच्या दशकात, नांदेडला १९८८ मध्ये, लातूरला २००२ मध्ये. त्याआधी १९६६ मध्ये डॉ. अशोकराव कुकडे आणि सहकाऱ्यांनी लातुरात विवेकानंद रुग्णालय सुरू केले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंतींनी मोडलेली हाडे किती आणि ती जोडणारे हात किती, हे या भागाने पाहिले. पुढे राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यात नांदेडला मिळाली, लातूरला २०१३ मध्ये. जिल्ह्याच्या सीमेवर राहणाऱ्या जळकोटकराला हा वर्षभराचा फरक काय असतो, ते सांगायला नको.

२५/
आता मूळ मुद्दा. स्वीडनने १९७९ पासून देशातल्या खुब्याच्या रोपणांची नोंदवही ठेवली. कोणता सांधा किती वर्षे टिकला, दुसरी शस्त्रक्रिया कशाने झाली, हे तिथून कळू लागले. ऑस्ट्रेलियाच्या अशाच नोंदवहीने डीप्यू कंपनीच्या एएसआर या धातूवर धातू घासणाऱ्या सांध्याचे दोष हेरले; ऑगस्ट २०१० मध्ये तो जगभरातून मागे घेतला गेला. भारतात असे सुमारे ४,७०० सांधे बसले होते. केंद्र सरकारने नेमलेल्या समितीच्या तपासात त्यांपैकी सुमारे ३,६०० रुग्णांचा माग लागला नाही. सांधा शरीरात होता. कुणाच्या, ते लिहिलेले नव्हते.

२६/
भारतात खुबा-गुडघा शल्यविशारदांच्या संघटनेने २००६ पासून नोंदवही चालवली आहे, पण ती डॉक्टरांच्या स्वेच्छेवर उभी आहे. तेव्हा दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या दिवशी शल्यविशारदासमोर काय असते? एक एक्स-रे आणि "दहा वर्षांपूर्वी कुठेतरी केलं होतं" हे वाक्य. दांडा कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा, हे ठाऊक नसेल तर तो काढण्याची खास अवजारे मागवता येत नाहीत. गोळा तेवढा बदलून भागले असते, तिथे सारा सांधा उपटावा लागू शकतो. ठिसूळ हाडातून घट्ट सिमेंट फोडून काढताना जाणारा प्रत्येक तास वृद्धाच्या हृदयाला मोजावा लागतो.

२७/
म्हणून या इतिहासाचे सार घरच्या भाषेत असे. पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी रोपणाच्या खोक्यावर चिकटपट्टी असते. तिच्यावर कंपनी, माप आणि क्रमांक छापलेला असतो. ती केसपेपरवर लावलेली आहे ना, हे विचारा आणि प्रत घ्या. डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेचा कागद, लगेच नंतरचा एक्स-रे जपा. पुढे कधी जखम पाझरली तर मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका. सांध्यातल्या पाण्याचा नमुना घेण्याआधी प्रतिजैविक पोटात गेले की जंतू लपतो आणि अहवाल कोरा येतो. थंडी वाजून ताप, ग्लानी असेल तर मात्र क्षणाचाही विलंब न करता मोठ्या रुग्णालयात जा.

२८/
ग्लुक यांनी बर्लिनमध्ये, चार्नली यांनी रायटिंग्टनमध्ये, बुखहोल्त्स यांनी हॅम्बर्गमध्ये आपापले अपयश कागदावर उतरवले, म्हणून पुढच्या रुग्णांचे पाय वाचले. जळकोटच्या आजीची नोंद ठेवणारी वही अजून पुरती तयार झालेली नाही. तोवर ती वही म्हणजे घरातली पत्र्याची पेटी. जिच्यात सातबारा, शिधापत्रिका आणि पोरांचे दाखले असतात, त्याच पेटीत आजीच्या खुब्याचा कागदही ठेवावा. जमिनीचा उतारा आपण पिढ्यान्‌पिढ्या जपतो. ती जमीन कसून थकलेल्या पायाचा उतारा जपायला एक प्लॅस्टिकची पिशवी पुरते.

२९/
थ्रेड इथे संपतो. आपल्या भागात पूर्वी हाड मोडलेल्या माणसाला कुठे आणि कसे नेत, मिरजेच्या छोट्या गाडीने की हैदराबादच्या रस्त्याने, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि खाली लिहा. तेही लिहून ठेवण्यासारखेच आहे.